ओळख पटल्यास आत घेऊ नये

लानेली, १८ फेब्रुवारी

मेरेरिद,

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, पण पोस्टमनला बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र. माझं अक्षर बघून पाकीट शेगडीत टाकणार असशील, तर आधी एवढं वाच: बाबा ठीक आहेत. गेले नाहीत, आजारी नाहीत. आता टाक हवं तर.

नाही टाकलंस? मग ऐक. मी घाबरलेय.

शुक्रवारी मार्केटात शिंपल्यांच्या गाळ्यापाशी देलिथ भेटली. देलिथ आठवते ना, शाळेत तुझ्या वेण्या ओढायची ती. ती आता स्टेशनजवळच्या सट्ट्याच्या दुकानात काउंटरला असते आणि मी मार्केटसमोरच्या. कंपन्या वेगळ्या, धंदा एकच. तिने मला कोपऱ्यात ओढलं. म्हणाली, "नेरिस, कुणाला सांगू नकोस हं. तुझ्या बाबांचा फोटो आलाय आमच्याकडे."

फोटो येणं म्हणजे काय ते तुला ठाऊक नसणार. तू आमच्या धंद्याचं नाव घेतलंस की तोंड धुऊन येतेस. पण सरकारने आम्हाला एक नियम लावून दिलाय. ज्याला आपला आपल्यावर भरवसा उरला नाही, त्याने एका नंबरवर फोन करायचा, फोटो द्यायचा आणि कुठल्या कुठल्या दुकानांत मला घेऊ नका ते सांगायचं. मग त्या त्या दुकानात तो फोटो जातो. खाली छापलेलं असतं: ओळख पटल्यास आत घेऊ नये. आमच्या काउंटरच्या खणात असे कितीतरी चेहरे आहेत. सकाळी शटर वर करायच्या आधी ते सगळे नजरेखालून घालायचे, म्हणजे माणूस आला की ओळखता येतो. ओळखला, की सांगायचं: माफ करा, तुम्हाला थांबता येणार नाही.

हा फोन आपल्या बाबांनी केला, मेर. कुणी सांगितलं नाही, कुणी धाक घातला नाही. इंटरनेटवरचंसुद्धा आधीच बंद करून घेतलं म्हणे. जुना बटणांचा फोन वापरतात आता.

मला आनंद झाला. शिंपल्यांचा पुडा संपेपर्यंत टिकला. मग डोक्यात आलं, त्यांचा फोटो माझ्याकडे कसा नाही आला?

सोमवारी खण उपसला. नाही. देलिथने मैत्रिणींकडे विचारलं. बरी पोर्टला आलाय, स्वान्सीला आलाय, पार कारमार्थनला आलाय. राहिलंय ते एकच दुकान. माझं.

म्हणजे बाबांनी सगळी दारं लावून घेतली आणि एक उघडं ठेवलं, आणि त्या दारात मी बसलेय. कळतंय का तुला?

अजून ते आलेले नाहीत. आले की मी सांगेन, नाही म्हणून. त्यात काय मोठंसं.

नेरिस


लानेली, २७ फेब्रुवारी

मेर,

उत्तर नाही. बरं.

मागच्या पत्रात मी तुला थाप मारली. बाबा येऊन गेले होते. मी तुला लिहायला बसले त्याच्या आदल्याच दिवशी.

दुपारी रांग होती. मान खाली घालून मी एकेकाची पैजेची चिठ्ठी घेत होते आणि काचेखालून एक हात आला. त्या हाताचं मधलं बोट अर्धं. पत्र्याच्या कारखान्यात गेलेलं. लहानपणी आपण त्या बोटाला टोपी घालायचो. मी मान वरच केली नाही, मेर. मागे रांग, पुढे बाप. 'नाही' म्हणायचं होतं. हात सवयीने पुढे गेला, चिठ्ठी घेतली, पावती दिली. बाबा म्हणाले, "थँक्यू हं, बेटा." जशी मी त्यांना चहाच दिला.

आणि घोडा जिंकला.

हरला असता तर मी इतकी घाबरले नसते. जिंकल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो ते तू पाहिलंयस. गाल लाल, डोळे लांब कुठेतरी, आणि आपण समोर असून नसल्यासारख्या. बरी पोर्टच्या बंदरावर गाडी लावून, आतून दारं बंद करून बसले होते, त्याच्या आधीही जिंकलेच होते की नाही? लोकांना वाटतं माणूस हरल्यावर तिथवर जातो. आई काच बडवत होती आणि ते समोर पाण्याकडे बघत होते. काच उघडायला किती वेळ लागला ते मला विचारू नकोस. तू मोजत होतीस, मी रडत होते.

मला त्या बंदराची भीती आहे. बाकी काही गेलं तर गेलं.

परवा पुन्हा आले. मी टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावून बसले, म्हणून दुसऱ्या काउंटरवरच्या मुलीने त्यांची चिठ्ठी घेतली. हो, तुझी मोठी बहीण. हस.

मग मी आमच्या साहेबांना फोन केला. म्हटलं, अशी अशी गोष्ट आहे, माझ्या वडिलांना दुकानात घेऊ नका असं सगळ्यांना सांगा. ते म्हणाले, "त्यांनी आपल्या दुकानात स्वतःला बंदी घालून घेतलीय का?" म्हटलं, नाही. "मग ते गिऱ्हाईक आहेत, नेरिस." आणि वर, "तुला नसेल घ्यायची त्यांची चिठ्ठी तर नको घेऊस, पण वाद नको, लोक बघतात."

तू मला काय म्हणाली होतीस ते विसरले नाही मी. "ज्या खड्ड्यात बाप पडला त्याच्या काठावर बसून तू तिकिटं विकतेस." तेव्हा मी तुला फार बोलले. आता म्हणते, हो गं बाई, बसलेय काठावर. मग त्यांना पडताना धरायला दुसरं कोण आहे इथे? तू तर पार उत्तरेच्या टोकाला, मेंढरांच्या बेटावर जाऊन बसलीस.

हे खोडणार होते. राहू दे.

नेरिस


लानेली, ४ मार्च

मेर,

आज तुला हसवते, मग पुढचं सांगते.

गेथिन बोवेन. चॅपेलचे कारभारी. आपण प्रार्थनेत खुसखुसलो की भुवई उचलायचे ते. तर हे गेथिन बोवेन दर शनिवारी पेपर काखेत मारून स्टेशनाकडे फिरायला जातात आणि देलिथच्या दुकानात एक छोटीशी पैज लावून येतात, हे अख्ख्या लानेलीत कुणालाही माहीत नव्हतं. या शनिवारी ते आत शिरले आणि देलिथ एकदम उभी राहिली. मोठ्याने म्हणाली, "मिस्टर प्रॉसर, माफ करा, तुम्हाला इथे थांबता येणार नाही."

"मी प्रॉसर नाही!"

"सगळे असंच म्हणतात, सर."

"अहो, मी बोवेन! गेथिन बोवेन! चॅपेलचा..." आणि तिथेच त्यांची जीभ चावली गेली, कारण जुगाराच्या मशिनवरची सगळी टाळकी वळून बघत होती.

झालं असं, की देलिथला ते बाबाच वाटले. बाबांनी जो फोटो दिला तो त्यांच्या गाण्याच्या कॉयरचा. वार्षिक कार्यक्रमातला. सगळे म्हातारे एका रांगेत, सगळ्यांचे तेच हिरवे कोट, तोच टाय, पांढरे केस एकाच बाजूला वळवलेले, सगळ्यांची तोंडं एकाच 'आ'वर उघडी. त्यातून बाबांचा चेहरा कापून दिलेला. आता देलिथ बिचारी कशी ओळखणार? मला दाखवला तेव्हा क्षणभर मीसुद्धा चाट पडले.

हसलीस ना? आता पुढचं.

सेंट डेव्हिडच्या सणाच्या दिवशी कॉयरचा कार्यक्रम होता. नंतर चॅपेलच्या मागच्या खोलीत नेहमीसारखं मटणाचं आणि लीकच्या पातीचं कालवण. मी वाढत होते. गेथिन बोवेन वाटी घेऊन बाबांच्या समोर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एमलिन, आपल्या पापाचा फोटो द्यायचा तर निदान स्वतःच्या तोंडाचा द्यावा माणसाने."

चमच्यांचा आवाज थांबला. ज्याला माहीत नव्हतं त्याला तेव्हा कळलं.

बाबांनी हिरवा कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवला आणि शर्टावर बाहेर पडले. मी मागे धावले तर म्हणाले, "वाढ तू. कालवण गार होतंय."

तेव्हापासून ते तालमीला गेलेले नाहीत. ते खर्जात गातात, मागच्या रांगेत, तुला माहीत आहे. आई गेल्यापासून त्या दोन संध्याकाळी सोडल्या तर त्यांना कुठे जायचं नव्हतंच. आता त्याही गेल्या. राहिलं माझं दुकान.

मला फार भीती वाटतेय. एक ओळ तरी लिही.

नेरिस


लानेली, १३ मार्च

मेर,

बाबा फोन उचलत नव्हते. काल सकाळी दुकानात न जाता सरळ टेकडीवर घरी गेले. बेल वाजवली. नाही. पत्रपेटीच्या फटीतून हाक मारली. नाही. फोन लावला, तो आत वाजताना मला बाहेर ऐकू येत होता. माझी पाचावर धारण बसली. किल्ली पर्समध्ये असून सापडेना. दार उघडलं आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर त्यांच्या गाडीची किल्ली खुंटीवर आहे का ते पाहिलं. होती. मग जिन्यावरच बसले.

ते मागच्या शेडमध्ये होते. कॉयरचे काळे बूट पॉलिश करत.

"मेलो असं वाटलं की काय?"

"फोन का उचलत नाही?"

"वाजला नाही."

"वाजत होता. मी बाहेरून ऐकला."

"मग तूच उचलायचास."

असे आपले बाबा. मी रडायला लागले तेव्हा मात्र बूट खाली ठेवला. पालथ्या बादलीवर मला बसवलं. आणि मग बोलले, मेर. इतकं ते आयुष्यात बोलले नसतील.

म्हणाले, "मी देलिथकडे गेलो होतो. बंदी घालून घेतल्यावर. मग बरी पोर्टलाही गेलो."

"का, बाबा?"

"बघायला. ओळखतात का ते. चिठ्ठी लिहिली, काउंटरवर ठेवली आणि त्या पोरीच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. मनात म्हणत होतो, बघ ना गं, मान वर करून एकदा बघ. तिने पावती दिली. वर म्हणाली, गुड लक." ते बुटाच्या नाडीशी खेळायला लागले. "कुणीच ओळखलं नाही, नेरिस. त्या पोरींचा दोष नाही. दिवसभरात किती तोंडं बघायची त्यांनी? पण मी फार घाबरलो. वाटलं होतं, फोटो दिला की सुटलो."

"पण कॉयरचा फोटो कसला देता? चांगला द्यायचा ना एखादा."

"चांगला कुठून आणू? तुझी आई गेल्यावर माझा फोटो काढावा असं कुणाला वाटलं?"

मी दुसरा बूट पुसायला घेतला.

मग मी ते विचारलं, जे विचारायला महिनाभर धीर होत नव्हता. "माझ्याच दुकानाचं नाव का नाही दिलं?"

मला वाटलं होतं ते नजर चुकवतील. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "माझा फोटो तुझ्या खणात? त्या सगळ्यांच्यात? आणि तू रोज सकाळी तो बघणार? ते नाही जमलं मला. वाटलं, तिथे फोटोची गरजच काय, तिथे आपली पोरगी आहे. ती नाही म्हणेल."

आणि मी पावती दिली होती, मेर. मी मान वर केली नव्हती.

त्यांनी मला त्याबद्दल एक शब्दही सुनावला नाही. एवढंच म्हणाले, "नॅशनल जवळ आलंय." तुला माहीत आहे इथे काय होतं ते. नॅशनलच्या शर्यतीला चॅपेलच्या बायकासुद्धा नाव गोड वाटलं म्हणून घोडा निवडतात, शाळेत मास्तर टोपीत चिठ्ठ्या टाकतात, खाटीकसुद्धा मटणाबरोबर घोडा सुचवतो. "त्या दिवशी मी इथे राहिलो तर माझं काही खरं नाही, पोरी. मला माझीच भीती वाटते." हे ते हळू म्हणाले. बंदराचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

मग शेडच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "मेरेरिदच्या त्या बेटावर सट्ट्याचं दुकान असेल का गं?"

भिंतीवर तुझं कार्ड आहे. आईला पाठवलेलं, तुझ्या बेटाचं, वेस्ट्रेचं दीपगृह. खिळ्याला अडकवलंय. त्याच खिळ्याला एक लहानशी किल्ली टांगलीय. आधी ओळखली नाही मी. तुझ्या हार्पची आहे, तारा सुरात लावायची. आजीने तुला दिलेली हार्प त्यांनी कुणाच्या दारात नेऊन विकली ते त्यांनी आजवर सांगितलं नाही, पण किल्ली दिली नव्हती. का नाही दिली, विचारलं. म्हणाले, माहीत नाही.

तू नाताळला कॉलेजातून आलीस आणि गालिच्यावर नुसते हार्पच्या पायांचे खळगे होते. मी विसरले नाही. तू विसरावंस असंही म्हणत नाही. मी फक्त किल्लीचं सांगितलं.

नेरिस


लानेली, २५ मार्च

मेर,

मी नाही म्हणाले!

शनिवारी आले. रांग दारापर्यंत. अर्धं बोट काचेखालून आलं, त्यात चिठ्ठी. या वेळी मी मान वर केली. टोपी, चार दिवसांची दाढी, लाल गाल. माझ्याकडे बघत होते. बरी पोर्टच्या त्या पोरीकडे बघितलं असेल ना, तसेच.

"नाही."

"काय नाही?"

"तुमची चिठ्ठी घेणार नाही मी, बाबा."

मागून कुणीतरी ओरडलं, "काय गं नेरिस, घोडा लंगडा निघाला काय?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "बापाला उधारी देईना बघ!" माझे कान तापले. दुसऱ्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, मी घेऊ का? मी तिच्यावर अशी खेकसले की ती अजून माझ्याशी बोलत नाही.

बाबांनी टोपी काढली. म्हणाले, "बरं." आणि गेले.

मला वाटलं, संपलं. आता कुठे जातील? दुपारभर मी चुकीच्या पावत्या देत होते. सुटल्यावर धावत टेकडीवर गेले तर हे खुशाल बटाटे सोलत होते. माझ्यासाठीही सोलले होते.

सोमवारी शटर वर करते तर बाबा फुटपाथवर उभे. दाढी केलेली. म्हणाले, "फोटो काढ माझा. नीट. सगळीकडे तोच पाठवायला सांग. आणि तुझ्या दुकानाचंही नाव घाल."

मी त्यांना आत घेतलं. दुकान रिकामं, शर्यतींच्या टीव्हीचे पडदे काळे. पोस्टरं दिसणार नाहीत अशा भिंतीपाशी उभं केलं. टोपी काढा. चष्मा राहू दे. हसू नका. तोंड मिटा, बाबा, गायचं नाहीये.

"बघू कुठे?"

"माझ्याकडे."

फोनचं बटण दाबायला मला वेळ लागला. ते हलले नाहीत. आपण लहान होतो तेव्हा काटा काढून घेताना 'हलू नको' म्हणायचे ना आपल्याला, तसे स्वतःच उभे राहिले. फोटो चांगला आलाय. दुसऱ्या कुणाचा वाटणार नाही असा.

मग मी फोन करून सगळं नोंदवलं, नव्याने. झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघत उभे. कारण आता नियम लागू झाला होता आणि ते आत होते.

"आता तुला म्हणावं लागेल," बाबा म्हणाले.

"काय?"

"ते. काय म्हणता तुम्ही ते."

मेर, मी म्हटलं. माझ्या बापाला म्हटलं. माफ करा, तुम्हाला इथे थांबता येणार नाही. ते म्हणाले, "थँक्यू हं, बेटा," आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. काचेतून मला टोपी हलवून दाखवली.

आता जेवायच्या सुट्टीत मी बाहेर जाते. मार्केटच्या बाकावर बसून दोघं सँडविच खातो. तेवढा वेळ मला भीती वाटत नाही. बाकी वेळ वाटते.

नेरिस


लानेली, १ एप्रिल

मेर,

हे पत्र मी आज सकाळी पहिल्या पेटीत टाकतेय, जास्तीचं तिकीट लावून. ते आधी पोचतं की म्हातारा आधी पोचतो, देव जाणे.

हो. निघालेत. नॅशनल येत्या शनिवारी आहे आणि ते उद्या सकाळच्या गाडीने निघतात. कार्डिफ, मग क्रू, मग एडिंबरा, ॲबर्डीन, तिथून रात्रीची बोट, मग तुझ्या बेटाची छोटी बोट. मला कालपर्यंत पत्ता लागू दिला नाही. मेरेरिदला विचारलंत का, म्हटलं. म्हणाले, "विचारलं तर ती नाही म्हणेल. न विचारता गेलो तर निदान दारात तरी म्हणेल."

सोबत येते म्हटलं तर ऐकेनात. नॅशनलला तुम्हाला सुट्टी नसते, नोकरी जाईल तुझी, म्हणाले. खरं आहे ते. पण तेवढंच नाही. मला वाटतं त्यांना एकट्याने पार पडायचंय.

माझ्या तोंडचं पाणी पळालंय, मेर. इथे कारमार्थनपासून स्वान्सीपर्यंत प्रत्येक दुकानात त्यांचा चेहरा आहे. देलिथने तर आरशाशेजारी चिकटवलाय. पण त्याच्या पलीकडे कुठेच नाही. क्रूला गाडी बदलायला थांबायचं, एडिंबराला थांबायचं, ॲबर्डीनला बोटीची वाट बघत अख्खी संध्याकाळ. प्रत्येक स्टेशनाबाहेर ती दुकानं आहेत, दारावर घोडे रंगवलेले, आणि नॅशनलचा आठवडा. एवढ्या मोठ्या वाटेवर त्यांना ओळखणारं एक माणूस नाही. मी त्यांना सांगितलंय, दर स्टेशनावरून फोन करा. करतील. उशीर झाला तर माझं काय होईल ते मला सांगता येत नाही. मी क्रूच्या स्टेशनमास्तरला फोन करून वेडी ठरले तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस.

त्यांनी पिशवी भरली. दोन शर्ट, दाढीचं सामान, मी केलेले मनुकांचे केक एका डब्यात, तुझ्यासाठी. कॉयरचे बूट. बूट कशाला, विचारलं तर म्हणाले, तिथे चॅपेल असेलच की कुठलंतरी. कोटाच्या आतल्या खिशात ती किल्ली घातली आणि वरून दोनदा चाचपली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू बघ. हार्प तुझी होती. रागावून बोल, भांड, जेवायला वाढून पाठ फिरवून बस, काय वाटेल ते कर. फक्त एक भीती माझ्या काळजात रुतून बसलीय, ती सांगते. ते एवढ्या लांब येतील, दार वाजवतील, तू खिडकीतून बघशील आणि उघडणार नाहीस. मग ते काय करतील ते मला माहीत आहे. दुसऱ्यांदा वाजवणार नाहीत. टोपी घालतील, 'बरं' म्हणतील आणि बंदराकडे चालायला लागतील. तुझ्याकडेही बंदरच आहे, मेर.

म्हणून सोबत फोटो पाठवतेय. मी काढलेला. आमच्या खणात आहे तोच, रोज सकाळी शटर वर करायच्या आधी मी बघते तो. तूही आजपासून बघ. रोज, दार उघडायच्या आधी. दाढी वाढलेली असेल, बोटीने चेहरा उतरलेला असेल, इतक्या वर्षांत ते म्हातारे झालेत, आणि आपणहून नाव सांगणार नाहीत. नुसते उभे राहतील आणि तुझ्या तोंडाकडे बघतील.

फोटोखाली छापलेली ओळ मी पेनाने खोडलीय. ओळख पटली, तर आत घे.

नेरिस